वाळूच्या टेकड्या आणि त्यांच्या आडोशाला वाढणारं गाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किनाऱ्यालगत घर बांधू पाहणारे, गावाचं पाणी आणि रस्ते सांभाळणारे, विकास आराखड्यावर हरकत नोंदवणारे अशा सगळ्यांकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. प्रश्न सुटे असले तरी उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत. टेकडीला हात लावला की पाणी, रस्ता, पाया सगळं हलतं.

टेकड्या असल्या-नसल्यानं गावाच्या वाढीवर असा काय फरक पडतो?

गावाचा आकारच बदलतो. जुन्या किनारी वस्त्यांचा नकाशा पाहा. मुख्य रस्ता बहुधा समुद्राला समांतर असतो, तोही टेकड्यांच्या मागून जाणारा, आणि समुद्राकडे उतरणाऱ्या वाटा मोजक्या आणि अरुंद असतात. त्यामुळे वस्ती लांबट पसरते. टेकडीमागे वारा पडतो, खारा फवारा कमी पोहोचतो, लोखंड सावकाश गंजतं, भाजीपाला तग धरतो आणि थोडं खणलं की गोडं पाणी लागतं.

टेकड्यांच्या दोन रांगांमधला सखल पट्टा मात्र जुने लोक घरांसाठी घेत नसत. पावसाळ्यात तिथे भूजल जमिनीच्या पातळीला येतं, म्हणून तो चराईला किंवा शेतीला राहायचा. गाव वाढू लागलं की हाच पट्टा स्वस्त भूखंड म्हणून आधी विकला जातो आणि पाणीही सगळ्यात आधी तिथेच शिरतं.

टेकडी तयार कशी होते?

कोरडी वाळू, ती उडवणारा वारा आणि तिला थांबवणारं झुडूप किंवा गवत, या तिन्ही गोष्टी एका जागी आल्या की टेकडी उभी राहते. सुमारे ०.२ मिलिमीटरचा कण सेकंदाला ५-६ मीटर वेगाच्या वाऱ्यात हलू लागतो. बहुतेक कण उड्या मारत जातात, तेही जमिनीपासून हातभर उंचीच्या आतच. म्हणून गुडघाभर गवतसुद्धा भरपूर वाळू पकडतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर वाहून नेली जाणारी वाळू सुमारे आठपट होते. त्यामुळे वर्षभराची बरीचशी वाळू मोजक्याच वादळी दिवसांत सरकते.

ओली वाळू उडत नाही. ओहोटीला उघडी पडून सुकणारी रुंद पुळण हाच टेकडीचा पुरवठा असतो. पुळण अरुंद झाली की मागची टेकडी वाढायची थांबते आणि मग फक्त झिजते.

वादळात टेकडी लाटा अडवते म्हणजे नेमकं काय करते?

ती भिंतीसारखी उभी राहत नाही, वाळू देते. उधाणाच्या लाटा टेकडीचा पायथा खातात आणि ती वाळू समोरच्या उथळ पाण्यात पसरते. तिथे पाण्याखाली बांध तयार होतो, पुढच्या लाटा त्यावरच फुटतात आणि किनाऱ्यापर्यंत येईतो त्यांचा जोर उतरतो. शांत ऋतूत तीच वाळू पुळणीवर परत येते आणि वारा ती टेकडीपर्यंत नेतो. टेकडी ही वाळूची ठेव आहे, अडीअडचणीला काढायची आणि मग भरून येऊ द्यायची. वादळानंतरच्या सकाळी टेकडीला दोन-तीन मीटरचा उभा कडा पडलेला दिसला म्हणजे ती निकामी झाली असं नाही. तिनं आपलं काम केलेलं असतं.

मग टेकडी किती उंच हवी?

आधी उंची नव्हे, वाळूचा साठा बघा. अमेरिकेत पुराचे नकाशे करताना फेमा ही सरकारी आपत्ती-व्यवस्थापन संस्था एक ठोकताळा वापरत आली: शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पाणीपातळीच्या वर, माथ्यापासून समुद्राच्या बाजूला, किनाऱ्याच्या दर मीटर लांबीमागे सुमारे ५० घनमीटर वाळू असेल तरच ती टेकडी एका मोठ्या वादळात टिकेल असं धरायचं. पुढे हा आकडाही अपुरा ठरला आणि त्याच्या दुपटीचा साठा असावा असा सल्ला दिला जाऊ लागला. उंच पण अरुंद टेकडी एका रात्रीत आरपार कापली जाते. बेताची उंच पण रुंद टेकडी टिकते.

दुसरी गोष्ट, टेकडी फुटते ती तिच्या सगळ्यात खालच्या जागी. दीडशे मीटर लांबीची भक्कम रांग आणि मध्ये पायवाटेनं पडलेली दोन मीटरची खाच असेल, तर पाणी त्या खाचेतून शिरतं आणि काही तासांत तिचा ओढा करून टाकतं. म्हणून रांगेची सरासरी उंची सांगणारा अहवाल अपुरा समजा. किमान उंची कुठे आणि किती, हे विचारा.

समुद्र दिसत नाही. माथ्याचे दोन मीटर काढले तर काय बिघडेल?

नका काढू. साधा हिशेब करा. माथा १५ मीटर रुंद असेल आणि दोन मीटर उतरवला, तर दर मीटर लांबीमागे ३० घनमीटर वाळू गेली. म्हणजे वरच्या ठोकताळ्यातला निम्म्याहून जास्त साठा फक्त दृश्यासाठी संपला. शिवाय माथ्यावरचं गवत गेलं की उघडी वाळू वाऱ्यानं गावात येते. आणि लाटांचं पाणी एकदा माथ्यावरून पलीकडे सांडू लागलं की मागचा उतार धुपतो. टेकडी दोन्ही बाजूंनी खचते आणि फार लवकर संपते.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग बीच या शहरानं २००६ साली टेकड्या उभारण्याचा प्रकल्प नाकारला होता. दृश्य अडेल हा त्यातला एक आक्षेप होता. २०१२ च्या सँडी वादळात त्या शहराचं मोठं नुकसान झालं. ज्या शेजारच्या वस्त्यांनी टेकड्या बांधू दिल्या होत्या त्या बऱ्याच वाचल्या.

दृश्य हवंच असेल तर घराचा वावर वरच्या मजल्यावर न्या किंवा गावासाठी एकाच ठिकाणी खांबांवरचा सज्जा बांधा.

घर टेकडीपासून किती मागे बांधावं?

सगळीकडे चालेल असा एक आकडा नाही, पण हिशेबाची पद्धत आहे. किनारा दर वर्षी सरासरी किती मागे हटतो ते जुने नकाशे आणि हवाई छायाचित्रं यांवरून काढा. किमान ३० वर्षांचा काळ धरा, दोन-पाच वर्षांची तुलना फसवते. तो वेग घराच्या आयुष्यानं गुणा. त्यात एका मोठ्या वादळात किनारा किती आत येतो ते मिळवा आणि वर थोडी जादा जागा ठेवा. उदाहरणार्थ वर्षाला ०.५ मीटर, घराचं आयुष्य ६० वर्षं म्हणजे ३० मीटर, वादळाचे २० मीटर, जादा १० मीटर, असे एकूण ६० मीटर. हे अंतर भरतीच्या रेषेपासून नव्हे, कायम टिकणाऱ्या झाडोऱ्याच्या समुद्राकडच्या कडेपासून मोजायचं.

समुद्राची पातळी वाढते आहे, तेही धरा. वालुकामय किनाऱ्यासाठी ढोबळ अंदाज असा की पाणी जितकं चढेल त्याच्या ५० ते १०० पट किनारा मागे सरकेल. ३० सेंटिमीटर वाढीला १५ ते ३० मीटर. हा अंदाज कच्चा आहे, पण शून्य धरण्यापेक्षा बरा.

पायाबद्दल एवढंच: वाऱ्यानं साचलेली वाळू सैल असते आणि सगळीकडे सारखी बसत नाही. तिच्यावर ठेवलेला उथळ पाया एका कोपऱ्यात खचतो. भूकंपप्रवण भागात पाण्यानं भरलेली सैल वाळू हादऱ्यानं पातळ होते, हा धोका वेगळा. पाया खणताना सरळ उभी बाजू ठेवू नका. कोरडी वाळू साधारण ३४ अंशांपेक्षा उभी राहत नाही, आणि ओलीमुळे उभा राहिलेला खड्डा दुपारी सुकताच आतल्या माणसावर कोसळतो.

टेकड्यांखालचं गोडं पाणी किती उपसता येईल?

जितकं दर वर्षी पावसानं मुरतं त्याहून बरंच कमी. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असल्यानं ते खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारात तरंगत असतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बादोन गायबेन आणि १९०१ साली हर्झबर्ग यांनी मांडलेला नियम आजही कामाचा आहे: भूजल समुद्रसपाटीच्या १ मीटर वर असेल तर खाली सुमारे ४० मीटर गोडं पाणी. याची दुसरी बाजू भीतिदायक आहे. उपशानं पातळी अर्धा मीटर उतरली आणि तशीच राहिली, तर खालचं खारं पाणी हळूहळू २० मीटर वर चढतं.

म्हणून एकच खोल बोअर आणि मोठा पंप ही सगळ्यात वाईट रचना. पंपाच्या बरोबर खाली खाऱ्या पाण्याचा सुळका वर येतो. त्याऐवजी बऱ्याच उथळ विहिरी लांब-लांब ठेवा, प्रत्येकीतून थोडं थोडं पाणी घ्या आणि त्या समुद्रापासून शक्य तितक्या मागे खणा. दर महिन्याला क्लोराइड मोजा. लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आसपास पाणी चवीला खारट लागू लागतं. पण थांबायचं तेव्हा नाही, आकडा सलग दोन-तीन महिने चढताना दिसला की लगेच. एकदा खारावलेली विहीर गोडी व्हायला अनेक वर्षं लागतात.

ॲम्स्टरडॅम शहर १८५३ पासून टेकड्यांमधलं पाणी पितं. उपसा वाढून खारं पाणी वर येऊ लागल्यावर तिथे १९५७ पासून ऱ्हाइन नदीचं पाणी आणून टेकड्यांमध्ये मुरवायला सुरुवात झाली. टेकड्या आजही त्या शहराचं गाळणीघर आणि साठवण आहेत. लहान गावाला नदी आणणं जमणार नाही, पण पावसाचं पाणी गटारानं समुद्रात सोडण्याऐवजी मागच्या सखल भागात मुरवणं नक्की जमेल. टेकड्यांवर जितकं सिमेंट पडेल तितकं हे मुरणं घटतं.

सांडपाण्याचे शोषखड्डे वाळूत चालतात का?

पाणी झटकन मुरतं म्हणून ते चालल्यासारखे वाटतात, आणि धोकाही त्यातच आहे. जंतू आणि नायट्रेट अडवायला वाळूला वेळच मिळत नाही. विहिरीपासून ३० मीटर अंतराचा नेहमीचा नियम भरड वाळूत पुरत नाही. शोषखड्डा नेहमी विहिरीच्या खालच्या अंगाला, भूजलाच्या उताराकडे हवा आणि पावसाळ्यातल्या सर्वांत वरच्या पातळीहूनही त्याचा तळ उंच हवा. सखल पट्ट्यातल्या घरांना हे जमत नाही. तिथे बांधीव बंद टाकी किंवा सांडपाण्याची सामाईक नळयोजना हाच उपाय.

समुद्रावर जायची वाट कशी असावी?

लाकडी फळ्यांची, खांबांवर उचललेली, आणि नेहमीच्या वाऱ्याच्या दिशेला तिरकी. वाऱ्याच्या रेषेतली सरळ वाट म्हणजे वाळूला आत यायला दिलेलं दार. फळी वाळूपासून अर्धा ते एक मीटर वर ठेवा. खालून वारा आणि थोडा उजेड जायला हवा, नाहीतर खालचं गवत मरतं. टेकडी वाढते हे धरून फळ्या वर सरकवता येतील असे सांधे ठेवा. पक्क्या कॉंक्रीटच्या पायऱ्या नकोत, वादळात त्यांच्या कडेनं पाणी वळून टेकडी कापतं.

वाटांची संख्या कमी ठेवली तर लोक कुंपण तोडून आपली वाट पाडतात, फार ठेवल्या तर टेकडीची चाळण होते. लोक आज कुठून जातात ते आधी आठवडाभर पाहा आणि तिथेच वाट द्या.

रस्त्यावर दर वर्षी वाळू येते. ती उचलून कुठे टाकायची?

परत पुळणीवर, टेकडीच्या समुद्राकडच्या बाजूला. डांबराचे तुकडे, काच, प्लॅस्टिक चाळून काढा. ती भरावासाठी विकणं म्हणजे गावाचा बचाव ट्रकनं बाहेर पाठवणं. वाळू सतत एकाच ठिकाणी येत असेल तर वर टेकडीला खिंडार पडलेलं असणार. उपाय तिथे करा. रस्ता झाडत राहणं हा उपाय नव्हे.

खिंडार बुजवायचं आणि गवत लावायचं कसं?

आधी खिंडार ज्यामुळे पडलं ते थांबवा: वाट, वाहन, गुरं, जे असेल ते. मग कुंपण. ते साधारण १ ते १.२ मीटर उंच आणि निम्मं उघडं असावं, म्हणजे जितकी पट्टी तितकी फट. काटक्या-फांद्यांचंही चालतं. भरीव पत्रा किंवा फळी लावली तर वारा तिच्या पायथ्याशीच भोवरा घालतो आणि वाळू साचण्याऐवजी उकरली जाते. खिंडाराच्या तोंडाशी वाऱ्याला आडवं लावा, पण उधाणाच्या भरतीरेषेच्या वर. खाली लावलेलं पहिल्याच वादळात वाहून जातं आणि किनाऱ्यावर खिळ्यांचा कचरा होतो. दोन-तृतीयांश भरलं की त्याच रेषेत वर दुसरं कुंपण उभं करा. जिथे कासवं अंडी घालतात तिथे सलग कुंपण नको. तिथे तीन-तीन मीटरचे तिरके तुकडे लावून मध्ये दोन मीटरहून जास्त मोकळं अंतर ठेवा.

वाळू स्थिरावली की लागवड. थंड प्रदेशात मॅरम गवताचे दोन-तीन फुटवे एका खड्ड्यात, किमान २० सेंटिमीटर खोल, ४५ सेंटिमीटर अंतरावर. म्हणजे १०० मीटर लांब आणि १० मीटर रुंद पट्ट्याला सुमारे पाच हजार खड्डे. ओळी एकाआड एक सरकवा, सरळ ओळींमधून वारा नाल्यासारखा वाहतो. उष्ण किनाऱ्यावर मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा ही दोन झाडं पुढे लावायची. वेलाचे ४०-५० सेंटिमीटरचे तुकडे पावसाच्या सुरुवातीला दोन-तीन पेरं वाळूत जातील असे पुरावेत.

लागवड फसते ती बहुधा तीन कारणांनी. उपटलेली रोपं उन्हात पडून मुळं सुकतात, पुरणं उथळ होतं, किंवा लोक त्यावरून चालत राहतात. वाळूत गाडलं जाणं मात्र या झाडांना मारत नाही. मॅरम तर वर्षाला मीटरभर वाळू अंगावर घेऊन वर येतं.

सुरूची झाडं लावली तर जास्त भक्कम होणार नाही का?

समुद्राकडच्या पहिल्या रांगेवर नको. सुरूच्या पडलेल्या काड्यांच्या जाड थराखाली वेल आणि गवत उगवत नाही आणि वाळू बांधून ठेवणारं जाळं नाहीसं होतं. पायथा धुपला की झाडं मुळांसकट आडवी होतात आणि जाताना वाळूचा मोठा लचका घेऊन जातात. मागच्या रांगेवर वारा अडवायला विरळ लावणी ठीक आहे.

त्यापेक्षा दगडी भिंतच बांधली तर?

भिंतीमागची जमीन वाचते, समोरची पुळण जाते. लाट भिंतीवर आपटून परत फिरताना वाळू ओढून नेते, आणि मागच्या टेकडीतली वाळू भिंतीनं कोंडलेली असल्यानं ती भरपाई करू शकत नाही. भिंत जिथे संपते तिथून पुढे शेजाऱ्याच्या किनाऱ्याची धूप वाढते.

जागाच उरलेली नसेल तर नेदरलँड्समधल्या कातवाइकचा मार्ग अभ्यासण्यासारखा आहे. २०१५ साली पूर्ण झालेल्या कामात तिथे पक्का बांध टेकडीच्या पोटात गाडला आहे आणि त्याच्यामागे, त्याच वाळूखाली, गाड्यांचा तळ बसवला आहे. वरून गवत आणि पायवाटाच दिसतात. नेहमीची वादळं टेकडी सोसते, बांध फक्त शेवटच्या क्षणासाठी.

टेकडीच गावावर चालून येत असेल तर?

असं घडलेलं आहे. डेन्मार्कच्या स्कागेन इथलं चर्च वाळूत इतकं गाडलं जाऊ लागलं की लोकांना आत जायला दार उकरावं लागे. १७९५ साली ते बंद झालं, आज फक्त मनोरा वर आहे. त्याच भागातली रोब्येर मिले ही टेकडी अजून वर्षाला १५ मीटरच्या आसपास सरकते. तिला मुद्दाम मोकळं सोडलं आहे, बाकीच्या टेकड्या लागवडीनं थांबवल्या.

फ्रान्समध्ये गॅस्कनीच्या किनाऱ्यावर ब्रेमोंतिए या अभियंत्यानं १७८७ पासून जे केलं ते आजही पद्धतीचा पाया आहे. समुद्राजवळ फळ्यांचं कुंपण उभारायचं, वाळू चढेल तशा फळ्या वर ओढायच्या, आणि मागे बी पेरून त्यावर फांद्या अंथरायच्या. क्रम महत्त्वाचा आहे: वाळू येते तिथून, वाऱ्याच्या बाजूनं सुरुवात. गावाजवळच्या घसरत्या बाजूला झाडं लावली तर ती फक्त गाडली जातात.

कधी कधी इमारत हलवणंच शहाणपणाचं ठरतं. डेन्मार्कमधला रुब्येर क्नुदे दीपस्तंभ १९०० सालचा. आधी वाळूनं त्याला घेरलं, मग समुद्र कड्याखाली आला. २०१९ मध्ये तो उचलून ७० मीटर आत नेला.

म्हणजे टेकडी पूर्ण स्थिर केली की झालं?

नाही. अमेरिकेच्या ओरेगन किनाऱ्यावर, फ्लोरेन्स गावाच्या परिसरात, वाळू थांबवायला युरोपातलं मॅरम लावलं. ते पसरलं, समुद्रालगत सलग उंच रांग तयार झाली आणि मागच्या मोकळ्या टेकड्यांचा वाळूपुरवठा तुटला. किनाऱ्यावरच्या चिखल्या पक्ष्यांची घरट्यांची उघडी जागा गेली. आता तेच गवत ठिकठिकाणी उपटलं जातं आहे. नेदरलँड्समध्ये तर हार्लेमजवळच्या समुद्रालगतच्या रांगेत मुद्दाम खाचा खणल्या, वाळू आत उडून मागच्या टेकड्या जिवंत राहाव्यात म्हणून. तिथे मागे रुंद टेकड्या आहेत, वस्ती नाही. ज्या गावाची घरं पहिल्याच रांगेमागे आहेत त्यानं ही नक्कल करू नये.

विकास आराखड्यात किमान काय असायला हवं?

टेकडीची आजची हद्द नव्हे, तिला सरकायला लागणारी जागा नकाशावर हवी. पाणी मुरणारे सखल भाग बांधकामाबाहेर हवेत. समुद्राकडे जाणारा कुठलाही रस्ता टेकडी कापून सपाट जाता कामा नये, त्यानं चढून जावं. समुद्राकडे दिव्यांचा झोत नको, कासवाची पिल्लं उजेडाकडे, म्हणजे रस्त्याकडे वळतात. वाळूउपशाला परवानगी नको. भारतात सीआरझेडच्या, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांनी वाळूच्या टेकड्या अतिसंवेदनशील गटात टाकल्या आहेत, तेव्हा हरकत घेताना हा आधार उपयोगी पडतो. आणि वरच्या अंगाला नदीवर धरण किंवा किनाऱ्यावर बंदराचा बांध येणार असेल तर तोही गावाचाच प्रश्न आहे. पुळणीची वाळू तिथूनच येते.

देखरेख कोणी आणि कशी करायची?

दोन माणसं, एक मोजपट्टी आणि एक पाणसळ नळी पुरते. टेकडीच्या मागे, हलणार नाहीत असे खांब दर १०० मीटरला पक्के रोवा. प्रत्येक खांबापासून समुद्राकडे एक सरळ रेषा धरून दर दोन मीटरला उंची नोंदवा, ओहोटीच्या पाण्यापर्यंत. वर्षातून दोनदा, वादळी ऋतूच्या आधी आणि नंतर, आणि प्रत्येक मोठ्या उधाणानंतर आठवड्याच्या आत. त्याच जागेवरून त्याच दिशेला छायाचित्र घ्या. एकाच वर्षाच्या घटीनं घाबरू नका. तीन वर्षं सलग, शांत ऋतूनंतरही, एखाद्या रेषेवरची वाळू भरून आली नाही तर त्या रेषेसमोरची नवी बांधकाम परवानगी थांबवा आणि वाळू कुठे अडते आहे ते शोधायला लागा.